दुर्गंधीचा उगम आणि शहराची हद्द : पिंपरी-चिंचवडच्या नागरी इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

प्रस्तावना :

शहराच्या इतिहासात रस्ते, पूल, कारखाने, लोकसंख्या आणि निवडणुका यांची नोंद होते; शहराच्या वासाची होत नाही. वास कागदावर उरत नाही. इमारतीचे छायाचित्र राहते, पुराची रेषा भिंतीवर राहते, परंतु एखाद्या वस्तीत ज्या वासामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या, त्याचा पुरावा वाऱ्याबरोबर निघून जातो. फ्रेंच इतिहासकार आलँ कोरबँ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अठराव्या व एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचा इतिहास वासाच्या अंगाने मांडला आणि कोणता वास सहन करायचा व कोणता नाही, हे समाज ठरवीत असतो, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मराठीत या दिशेने फारसे लेखन झालेले नाही. पिंपरी-चिंचवडसारख्या शहराचा अभ्यास करताना ही उणीव विशेष जाणवते, कारण पन्नास-साठ वर्षांत चार खेड्यांचे महानगर झालेल्या या परिसरात ‘हा वास कोठून येतो?’ हा प्रश्न रहिवाशांनी सातत्याने विचारलेला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. दुर्गंधीचा उगम शोधणे हे वरवर पाहता रसायनशास्त्राचे काम वाटते. प्रत्यक्षात उगम कोठे ‘सापडतो’ हे पुष्कळदा शोध घेणाऱ्याच्या अधिकारावर आणि शहराच्या हद्दीवर अवलंबून राहिले आहे, असे या परिसराच्या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका – दूषित वाफेचा सिद्धान्त आणि प्लेग :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील वैद्यकात असा दृढ समज होता की, कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित वाफ हीच रोगाचे कारण होय. म्हणजे वास हे रोगाचे लक्षण नव्हते, तर वास हाच रोग होता. १८५४ मध्ये लंडनमधील डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध पाण्याच्या पंपाशी जोडून दाखविला, तरी हा समज लगेच ढळला नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेचे कामकाज अवघड झाले, आणि त्यानंतरच जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला पैसा मिळाला. कारण चुकीचे मानले गेले, उपाय मात्र बरोबर निघाला! दुर्गंधीच्या इतिहासातील हा विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणखीही एक गोष्ट येथे ध्यानात येते. वास सत्ताधाऱ्यांच्या सभागृहात शिरला, तेव्हा उपाय त्वरेने झाला.

हिंदुस्थानात हाच सिद्धान्त प्लेगच्या निमित्ताने आला. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू सापडला होता. तथापि, १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात साथ उघडकीस आली, तेव्हा प्रशासनाचे पहिले लक्ष गटारांकडे, कोंदट खोल्यांकडे आणि घाणीकडेच गेले. गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक ॲसिडने धुण्यात आली. पिसवांचा या रोगाशी असलेला संबंध १८९८ मध्ये मांडला गेला, आणि तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

पुण्यात १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखाली जी मोहीम राबविली गेली, तिच्यात घरझडती, सामानाची जाळपोळ आणि निर्जंतुकीकरण ही प्रमुख अंगे होती. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे. त्यांचा वाडा आज चिंचवडगावात स्मारकरूपाने उभा आहे. चापेकरांच्या कृतीची मीमांसा राष्ट्रवादाच्या व धर्मभावनेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे आणि तिची पुनरुक्ती येथे अनावश्यक आहे. परंतु या घटनेला आरोग्यप्रशासनाचीही एक बाजू आहे. रोगाचा उगम घाणीत आणि घाणीचा उगम रयतेच्या घरात, असे एकदा गृहीत धरले की उगम शोधणे म्हणजे कोणाच्या तरी माजघरात शिरणे ठरते. ज्याच्या घरात शिरता येते, त्याच्याच घरात उगम सापडतो. पुढील शतकात जंतूशास्त्राने दूषित वाफेचा सिद्धान्त बाद केला, पण ही सवय मात्र पूर्णपणे गेली नाही.

औद्योगिकीकरण आणि नवे वास :

मोरया गोसावींच्या समाधिस्थानामुळे प्रसिद्ध असलेले पवनाकाठचे चिंचवड हे स्वातंत्र्यापर्यंत एक देवस्थानाचे गाव होते. शेजारच्या पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या परिसराच्या औद्योगिक युगाचा प्रारंभ औषधाच्या कारखान्याने व्हावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पेनिसिलिन हे आंबविण्याच्या क्रियेतून तयार होते. मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवावी लागते. त्यासाठी मक्यापासून निघणारे आंबूस द्रावण वापरण्याची पद्धत रूढ झाली होती. शिवाय पेनिसिलिनच्या एका प्रकारासाठी लागणारे फेनिलॲसेटिक ॲसिड विरळ असताना मधासारखे आणि दाट झाल्यावर मुतारीसारखे वास देते. एकच पदार्थ प्रमाणानुसार सुगंध आणि दुर्गंध या दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात वाहन व अभियांत्रिकी उद्योग झपाट्याने वाढले. त्यांच्यामागोमाग रंगकाम, धातूवर मुलामा देणे, रबर, ओतकाम असे शेकडो लघुउद्योग आले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी यांची मिळून नगरपालिका स्थापन झाली, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर, आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली.

या वाढीत कारखाना आणि घर यांमधील अंतर नाहीसे होत गेले. आरंभी कामगारच कारखान्याजवळ राहत असल्याने वासाविषयी तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या भाकरीविषयी तक्रार करण्यासारखे होते. पुढे ज्यांचा त्या कारखान्याशी काहीही संबंध नाही, अशी कुटुंबे सदनिका घेऊन त्याच भागात आली. तक्रारींची संख्या वाढली, तिचे एक कारण वास वाढला हे असेल. दुसरे कारण म्हणजे तो वास ज्यांच्या पगाराला बांधलेला नाही अशी नाके वाढली.

याच काळात पवना नदीचेही रूप पालटले. शहराचे पिण्याचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. त्याच्या खाली चिंचवड, पिंपरी, कासारवाडी या क्रमाने नदी वाहत जाते आणि नाल्यांचे पाणी तिला येऊन मिळते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. तो संपला की प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाण्यातील सल्फेटवर काम करू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार होतो. हिवाळा संपता संपता नदीवर जलपर्णीचा थर पसरतो. ती सडली की या वासात आणखी भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पवना, इंद्रायणी, मुळा व मुठा या चारही नद्यांचा समावेश होता.

कायद्यातील नाक :

दुर्गंधीविषयी भारतीय कायदा अगदीच मूक नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७८ अन्वये हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २८० या क्रमांकाने आले असून दंडाची कमाल रक्कम एक हजार रुपये झाली आहे. एकशे चौसष्ट वर्षांत दुप्पट! पाचशे रुपये ही १८६० मध्ये मोठी रक्कम होती, हे येथे निराळे सांगावयास नको.

त्याहून महत्त्वाचा आहे तो १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, ज्याखाली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. त्यातील उपद्रवाच्या व्याख्येत दृष्टी, घ्राण व श्रवण या संवेदनांना होणारा त्रास स्पष्टपणे अंतर्भूत आहे. म्हणजे नगरपालिका कायद्याने नागरिकाचे नाक मान्य केलेले आहे. रोग सिद्ध करण्याची अट नाही. त्रास पुरेसा आहे. रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये याच परंपरेतील निर्णय दिला. उघडी गटारे, मैला आणि मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी यांविरुद्ध रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले होते. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब न्या. कृष्ण अय्यर यांनी फेटाळली.

यानंतरचे पर्यावरणविषयक कायदे मात्र वेगळ्या भाषेत बोलतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा आणि वायुप्रदूषणाचा १९८१ चा. या कायद्यांनी उपद्रवाऐवजी प्रदूषक ही संकल्पना पुढे आणली आणि प्रदूषक म्हणजे मोजता येणारी वस्तू. २००९ च्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकांचा समावेश आहे. त्यात अमोनिया आहे, बेंझिन आहे. हायड्रोजन सल्फाइड नाही, कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारी मरकॅप्टन-वर्गातील द्रव्येही नाहीत. हायड्रोजन सल्फाइडचा वास मानवी नाकाला हवेच्या एक अब्ज भागांत काही थोडेच भाग असतानाही येऊ शकतो. परिणामी हवेचा निर्देशांक समाधानकारक दाखविला जात असताना त्याच चौकातील माणसाने नाकाला रुमाल लावलेला असणे यात तांत्रिकदृष्ट्या कोणतीही विसंगती नाही. केंद्रीय मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधी-प्रदूषण व त्याचे नियंत्रण या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे खरे. परंतु मार्गदर्शक तत्त्वे आणि बंधनकारक मर्यादा यांत मोठे अंतर असते.

हद्दीबाहेरचा कचरा :

महानगरपालिकेने मोशी येथील सुमारे ८१ एकर जागेवर १९९१ पासून शहराचा कचरा टाकण्यास प्रारंभ केला. त्या वेळी मोशी हे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरील गाव होते. शहराचे मतदार एकीकडे आणि शहराचा कचरा दुसरीकडे, अशी ही व्यवस्था होती. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड, पुनावळे, रावेत इत्यादी गावांचा शहरात समावेश झाला. हद्द डेपोला ओलांडून पुढे गेली आणि जो कचरा गावाच्या माथी होता तो आता शहराच्या पोटात आला. त्यानंतर मोशी-बोऱ्हाडेवाडी परिसरात मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले. ‘डेपो आधी की घरे आधी?’ हा वाद या भागात वरचेवर ऐकू येतो. घरे नंतरची आहेत हे मान्य करावे लागेल. पण मोशी गाव तर डेपोच्या आधीचे आहे, ही गोष्ट या वादात बहुधा विसरली जाते.

पुण्याच्या बाबतीत हेच उरुळी देवाची व फुरसुंगी येथे घडले. हद्दीबाहेरील या गावांत पुणे महानगरपालिकेचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला. २०१७ मध्ये डेपोला लागलेल्या आगीनंतर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अनेक दिवस रोखून धरल्या. त्याच वर्षी ही गावे महानगरपालिकेत घेण्यात आली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. हद्द आत-बाहेर झाली, कचऱ्याचा ढीग मात्र जागचा हलला नाही.

मोशीवरील भार कमी करण्यासाठी पुनावळे येथे दुसऱ्या डेपोसाठी २००८ पासून जागा राखून ठेवण्यात आली होती. त्या वेळचे पुनावळे आणि २०२३ चे पुनावळे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारा सुशिक्षित वर्ग तेथे मोठ्या संख्येने राहावयास आला होता. त्याने मोर्चे काढले, स्वाक्षऱ्या गोळा केल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा प्रकल्प रद्द करण्याची घोषणा झाली. हे आंदोलन लोकशाही मार्गाचे होते, त्यात शंका नाही. तथापि, ज्या वासाची पुनावळेकरांना भीती वाटली, तो मोशीकरांनी प्रत्यक्ष भोगला होता. येणाऱ्या दुर्गंधीविरुद्धची तक्रार नांदत्या दुर्गंधीविरुद्धच्या तक्रारीपेक्षा अधिक लवकर ऐकली गेली. मोशीतील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाच्या प्रकल्पाचे १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात वापरला जावा, अशी योजना होती. जाळण्याने ओल्या कचऱ्याचे कुजणे टळते. जुन्या ढिगाचे कुजणे त्याने थांबत नाही.

चिखलीजवळच्या कुदळवाडीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. भंगार, प्लास्टिक आणि रबर यांची गोदामे व वारंवार लागणाऱ्या आगी यांमुळे हा भाग जळकट धुरासाठी कुप्रसिद्ध होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे काही दिवसांत पाडली. येथे उगम निश्चित होता, त्याचे मालक व मजूर दुर्बल होते आणि कारवाई झटपट झाली. परंतु वाहन उद्योगाच्या शहरात भंगार निर्माण व्हावयाचे थांबत नाही. ते कोठेतरी उतरणारच, आणि ते ‘कोठेतरी’ पुन्हा हद्दीबाहेरचे असण्याची शक्यता अधिक.

नाकाची साक्ष :

उगमाचा शोध घेताना रहिवाशाच्या अनुभवाला पुराव्याचे मोल द्यावे की नाही, हा या विषयातील कळीचा मुद्दा होय. नाकाविरुद्धचा मुख्य आक्षेप असा की ते विश्वासार्ह नाही. एकाच वासात काही वेळ राहिल्यावर तो जाणवेनासा होतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले तर घ्राणशक्तीच बधिर होते. म्हणूनच वस्तीतील जुन्या माणसाला जे जाणवत नाही, ते पाहुण्याला दारातच जाणवते. हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेहमीच्या समजुतीच्या विरुद्ध जातो. लोक वास वाढवून सांगतात, असे कार्यालयांत सर्रास मानले जाते. घ्राणेंद्रियाचा स्वभाव पाहता ते कमीच सांगत असण्याचा संभव जास्त.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठीत वासासाठी शब्दांची मोठी संपत्ती आहे : आंबूस, कुजट, कुबट, करपट, जळकट, खवट, उग्र, हिवस. यांतील बहुतेक शब्द उगमाकडे बोट दाखवितात. आंबूस म्हटले की ताजा ओला कचरा किंवा त्यातून झिरपणारे काळे पाणी. कुजक्या अंड्यासारखा म्हटले की तुंबलेले चेंबर अथवा मृतप्राय नाला. जळकट म्हटले की प्लास्टिक वा रबर. रंगासारखा, डोक्यात चढणारा म्हटले की फवारणीच्या रंगातील द्रावके. घरातील बाई फोनवर हाच शब्द उच्चारते. तक्रारीची नोंद होते तेव्हा मात्र या सर्वांचे एकच ‘दुर्गंधी’ होते. जो शब्द शोधाची दिशा सांगत होता, तोच नोंदवहीत गळून पडतो. शिवाय महानगरपालिकेत तक्रार आरोग्य, जलनिःसारण किंवा पर्यावरण यांपैकी एका विभागाकडे जावी लागते आणि कारखान्याचा प्रश्न असेल तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. म्हणजे उगम कोणता हे तक्रारदाराने आधीच ठरवून द्यावयाचे. शोध ज्याच्यासाठी मागितला, तेच उत्तर अर्जाच्या पहिल्या रकान्यात भरावे लागते.

रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरली गेल्याचे महत्त्वाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईतील चेंबूरजवळच्या माहुल व अंबापाडा येथील कोळी ग्रामस्थांनी तेल व रसायनांच्या साठ्यांतून येणाऱ्या उग्र वासाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली. तेथे के. ई. एम. रुग्णालयाच्या श्वसनविकारविषयक पाहणीत रहिवाशांनी सांगितलेला त्रास आणि हवेतील बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यांची मोजणी ही दोन्ही एकत्र वाचली गेली. १३ ऑगस्ट २०२० रोजी न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. नाक आणि यंत्र यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी न मानता साक्षीदार मानले तर काय होते, हे यातून दिसते.

चिंचवड परिसरात अशा वाचनाची साधने नाहीत असे नाही. वासाला वेळ असते आणि ऋतू असतो. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमीन लवकर थंड होते, थंड जड हवा नदीच्या खोलगट भागात साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि पहाटेपर्यंत वास तेथेच रेंगाळतो. त्यामुळे ‘रात्री कारखाने चोरून वायू सोडतात’ ही लोकांची समजूत काही वेळा खरी, तर काही वेळा नुसत्या थंडीचा परिणाम असू शकते. पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा वाहतो, तेव्हा मोशीचा वास चऱ्होली-आळंदीच्या बाजूला जाणे स्वाभाविक आहे; त्या दिवसांत चिंचवडगावात कुजट वास आला तर शोध मोशीकडे न जाता नाल्याकडे व चेंबरकडे जावयास हवा. महानगरपालिकेने १५ ऑगस्ट २०१३ पासून सुरू केलेल्या ‘सारथी’ या मदतवाहिनीमुळे तक्रारीचा दिवस व ठिकाण नोंदण्याची सोय झाली. दुसरीकडे, भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. वाऱ्याची दिशा व तापमान यांच्या दीर्घकालीन नोंदी या जिल्ह्याइतक्या क्वचितच कोठे असतील. तक्रारीतील तास, वासाचा मूळ मराठी शब्द आणि त्या तासाचा वारा हे तीन रकाने शेजारीशेजारी मांडले, तर कोणत्या प्रभागातील कोणत्या रात्रीचा वास कोणत्या दिशेने आला हे नकाशावर काढता येते. त्यातील दोन रकाने सरकारी दप्तरांत भरलेले आहेत. तिसरा, शब्दाचा, रकाना अर्जातच नाही.